बाजाराची नाडी ओळखणारा उद्योगपती : जमशेटजी टाटा

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एकाला रेल्वेमुळे ओळख मिळाली, ते चांदूर रेल्वे. दुसऱ्याला बाजारामुळे, ते चांदूर बाजार. वऱ्हाडाच्या अर्थकारणाचे दोन आधारस्तंभच या दोन नावांत सामावलेले आहेत. काळ्या कसदार जमिनीत पिकलेला कापूस अशा बाजारगावांत यायचा, तेथून बैलगाड्यांनी रेल्वेपर्यंत जायचा आणि रेल्वेने मुंबई बंदर गाठायचा. पुढे जहाजातून तो लिव्हरपूलला उतरला की त्याला ना गावाचे नाव राहत असे, ना शेतकऱ्याचे. व्यापाऱ्यांनी अमरावतीच्या उमरावती या जुन्या नावावरून त्याचे एक सरसकट नाव ठेवले होते, ‘उमरा’. वऱ्हाड, खानदेश आणि मध्य प्रांतातला बहुतेक कापूस याच नावाने जगाच्या बाजारात विकला जाई.

आजच्या भाषेत सांगायचे तर ‘उमरा’ हा वऱ्हाडाचा पहिला जागतिक ब्रँड होता. मात्र त्याची पत फारशी चांगली नव्हती. धागा आखूड, त्यात पालापाचोळा आणि सरकीची भेसळ, वजन वाढवण्यासाठी मारलेले पाणी, अशा तक्रारी लँकेशायरचे गिरणीवाले सातत्याने करीत. त्यांच्या बोलीत हिंदी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि पुढे तर हा शब्द हलक्या, भेसळीच्या मालासाठीच वापरला जाऊ लागला. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील फसवणुकीला आळा घालण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. माल परदेशी जात होता, पण ज्याच्यासाठी जात होता त्या गिऱ्हाइकाला नेमके काय हवे, याची फिकीर या साखळीतल्या फार थोड्यांना होती. ही फिकीर ज्याने आयुष्यभर केली, त्या उद्योजकाचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचे नाव घेतले की पोलाद, जलविद्युत, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल यांचे स्मरण होते. त्यांतील पहिल्या तीन गोष्टी प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या त्यांच्या निधनानंतर. त्यांच्या हयातीतला मुख्य व्यवसाय होता कापूस, सूत आणि कापड यांचा. परक्या देशातील गिऱ्हाईक कसे ओळखावे, त्याला रुचेल असा माल कसा घडवावा आणि कमावलेले नाव कसे जपावे, याचे धडे त्यांनी याच व्यवसायात गिरवले. त्यातले काही धडे फार महागात पडले.

३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नसरवानजी यांनी पिढीजात भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापार सुरू केला होता. जमशेटजी किशोरवयात मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. इंग्रजी वाङ्मयाची त्यांना मनापासून आवड होती आणि ती शेवटपर्यंत टिकली. मात्र वडिलांनी त्यांना पेढीवर घेतले आणि दुसऱ्याच वर्षी, १८५९ मध्ये, हाँगकाँगला धाडले. वय अवघे वीस.

हाँगकाँगच्या पेढीतून कापूस आणि अफू चीनमध्ये जाई, तर चहा, रेशीम, कापूर, दालचिनी, तांबे आणि पितळ हा माल मुंबईला येई. अफूचा व्यापार त्या काळी कायदेशीर होता आणि मुंबईच्या अनेक पेढ्या त्यावर उभ्या होत्या. टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. हाँगकाँगपाठोपाठ शांघायलाही पेढीचे काम सुरू झाले. जमशेटजी सुमारे चार वर्षे पूर्वेकडे राहिले. मुंबईत बसून पत्रव्यवहाराने माल विकणारा व्यापारी आणि गिऱ्हाइकाच्या देशात राहून त्याचा बाजार पाहणारा व्यापारी यांत मोठा फरक असतो. चीनची बाजारपेठ किती अफाट आहे, हे त्यांनी ऐन तारुण्यात डोळ्यांनी पाहिले. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी हाच अनुभव त्यांच्या गिरण्यांच्या उपयोगी पडला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. त्याची जागा हिंदी कापसाने घेतली. भाव आकाशाला भिडले. मुंबईत नव्या बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे एवढा पैसा खेळू लागला. या तेजीच्या भरात लंडनमध्ये एक हिंदी बँक काढण्याची योजना आखली गेली. त्या कामासाठी जमशेटजी १८६४ च्या अखेरीस विलायतेस निघाले. सोबत पेढीच्या कापसाच्या हुंड्या होत्या.

ते लंडनला पोहोचले तेव्हा वारे फिरू लागले होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. मुंबईत तेजीचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद याच्यासह असंख्य व्यापारी बुडाले. जमशेटजींच्या हातातल्या हुंड्यांना कागदाचीही किंमत उरली नाही. परका देश, समोर उभे असलेले धनको आणि घरून मदतीची आशा नाही, अशा स्थितीत पंचविशीच्या या तरुणाने पळवाट शोधली नाही. त्यांनी धनकोंपुढे पेढीचे सगळे व्यवहार उघडे करून ठेवले. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून धनकोंनी पेढीच्या दिवाळखोरीचे काम त्यांच्याकडेच सोपवले आणि त्यासाठी महिन्याला वीस पौंड वेतन ठरवून दिले. इकडे मुंबईत नसरवानजींना राहते घर विकावे लागले.

या आपत्तीने जमशेटजींना दोन गोष्टी शिकवल्या. ज्या बाजाराचा भाव हजारो मैलांवरच्या घटनेने ठरतो, त्या बाजारात केवळ कच्चा माल पाठवून कोणाचेच भले होत नाही, ही पहिली. मालापेक्षा नावाची पत मोठी असते, ही दुसरी. याच मुक्कामात त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या जवळून पाहिल्या. मुंबई-वऱ्हाडाकडून आलेला कापूस तेथे कसा निवडला जातो, त्याचे सूत कसे निघते आणि त्याच सुताचे कापड किती पटीने महाग होऊन पुन्हा हिंदुस्थानात येते, हे गणित त्यांना तेथे उमगले.

मायदेशी परतल्यावर घराची घडी बसण्यास काही वर्षे गेली. अॅबिसिनियाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा वाटा होता, त्यातून पुन्हा भांडवल उभे राहिले. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी सुरू केली. १८६९ मध्ये मुंबईतील चिंचपोकळी येथील एक मोडकळीला आलेली तेलाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तिचे कापड गिरणीत रूपांतर केले आणि तिला अलेक्झांड्रा हे नाव दिले. हे नाव इंग्लंडच्या युवराज्ञीचे होते. दोनच वर्षांत ही गिरणी चांगल्या नफ्यात विकून ते पुन्हा लँकेशायरला अभ्यासासाठी गेले.

तेथून परतल्यावर त्यांनी घेतलेला निर्णय मुंबईच्या व्यापारी जगाला चक्रावून टाकणारा होता. त्या काळी कापड गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. बंदर येथे, यंत्रे येथे उतरणार, दलाल आणि पेढ्याही येथेच. जमशेटजींनी मात्र गिरणीसाठी जागा निवडली ती नागपूरची. कापूस पिकवणारा वऱ्हाड आणि वर्धेचा मुलूख जवळ, १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचलेली रेल्वे हाताशी, वरोऱ्याच्या बाजूला दगडी कोळसा आणि भोवती हातमागावर कापड विणणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती, असा विचार त्यामागे होता. कापूस मुंबईला नेऊन तेथे कातायचा आणि सूत पुन्हा गाडीने आत आणायचे, यात वाहतुकीवर दोनदा होणारा खर्च त्यांना वाचवायचा होता.

१८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेऊन त्यात भर टाकण्याचे काम सुरू झाले. एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारताना, हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, अशी संभावना केल्याची आणि पुढे गिरणीची भरभराट पाहून, आपण चुकलो, त्याने माती घालून सोने काढले, अशी कबुली दिल्याची आख्यायिका नागपुरात प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. कंपनीचे लांबलचक नाव कागदोपत्री राहिले. लोकांच्या तोंडी एम्प्रेसच रुळले.

गिरणीचे व्यवस्थापन त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्यावर सोपवले. मेहता रेल्वेच्या माल विभागातले. कापडधंद्याची त्यांना काहीच माहिती नव्हती. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तज्ज्ञाकडे होती. १५ हजार ५५२ थ्रॉसल चात्या, १४ हजार ४०० म्यूल चात्या आणि ४५० माग एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. परंतु सुरुवातीची यंत्रे स्वस्तातली निघाली. सूत हलके निघू लागले आणि कंपनीच्या शेअरचा भाव घसरला. जमशेटजींनी ही यंत्रे काढून चांगली यंत्रे बसवली. स्वस्त यंत्रावर काढलेला माल अखेर महाग पडतो, हा धडा त्यांनी येथे घेतला.

१८८३ च्या सुमारास त्यांनी केलेला एक प्रयोग पुढे साऱ्या हिंदी गिरणीधंद्याला वळण देणारा ठरला. अमेरिकेत ‘रिंग’ पद्धतीच्या चात्या वापरात येत होत्या. लँकेशायरचा भरवसा मात्र अजूनही जुन्या म्यूल यंत्रांवर होता. म्यूलवर तलम सूत उत्तम निघे, पण ते चालवायला कसबी कारागीर लागत. रिंगवर काम न थांबता चाले, उत्पादन अधिक होई आणि जाडेभरडे, घट्ट पिळाचे, मजबूत सूत निघे. आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाला तेच सूत सोयीचे होते. जमशेटजींनी दोन यंत्रे आणून चाचणी घेतली आणि निकाल पाहताच आणखी यंत्रांची मागणी नोंदवली. इंग्लंडमधील एका नामांकित यंत्रनिर्मात्याने ती यंत्रे बनवण्यात रस दाखवला नाही, तेव्हा दुसऱ्याकडून ती बनवून घेतली.

या निवडीचा चीनच्या बाजाराशी थेट संबंध होता. चीनच्या खेड्यापाड्यांत शेतकरी कुटुंबे घरच्या मागावर जाड, टिकाऊ कापड विणत. त्यांना लँकेशायरचे तलम सूत परवडत नव्हते आणि त्यांच्या कामाचेही नव्हते. त्यांना हवे होते दहा ते वीस नंबरचे, मजबूत आणि स्वस्त सूत. मुंबई इलाख्यातील गिरण्यांनी हे ओळखले आणि १८८० च्या दशकात चीनच्या जाड सुताच्या बाजारातून लँकेशायरला जवळजवळ हद्दपार केले. मुंबईहून निर्यात होणाऱ्या सुताचा फार मोठा भाग एकट्या चीनकडे जाऊ लागला. ज्या ‘उमरा’ला लिव्हरपूलमध्ये नाके मुरडली जात, त्याच जातीच्या कापसाचे सूत चिनी विणकराला मानवले. कापूस बदलला नव्हता, धाग्याची लांबीही वाढली नव्हती. बदलले होते ते गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे तयार केलेले सूत.

यश मिळाल्यावर जमशेटजी थांबले नाहीत. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. ती उभी करायला मूळ मालकाला याच्या चौपटीहून अधिक खर्च आला होता, त्यामुळे सौदा किफायतशीर वाटला. तिचे नाव त्यांनी स्वदेशी ठेवले. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशीची चळवळ तेव्हा जवळपास वीस वर्षे दूर होती. अलेक्झांड्रा, एम्प्रेस आणि स्वदेशी ही नावे क्रमाने पाहिली तर जमशेटजींच्या विचाराची वाटचाल कळते. पहिली दोन नावे राज्यकर्त्यांचा मान राखणारी, तर तिसरे देशबांधवांना साद घालणारे. मँचेस्टरच्या तलम कापडाशी टक्कर देणारा देशी माल काढण्याचा इरादाच त्या नावात होता.

मात्र याच गिरणीने त्यांना सर्वांत कठीण परीक्षेला बसवले. आतली यंत्रे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जीर्ण निघाली. उत्पादन वारंवार बंद पडे, माल खराब निघे. व्यापाऱ्यांमध्ये स्वदेशीच्या मालाविषयी नाराजी पसरली आणि शेअरचा भाव पार खाली गेला. टाटांचा या वेळी अंदाज चुकला, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. बँकेकडून पैसा मिळेना. तेव्हा जमशेटजींनी कुटुंबासाठी केलेला विश्वस्त निधी मोडला, एम्प्रेसचे काही शेअर विकले आणि तो पैसा स्वदेशीत ओतला. नागपूरहून अनुभवी माणसे कुर्ल्याला आणली, निकामी यंत्रे भंगारात काढली. गिरणी सावरायला काही वर्षे लागली, पण ती सावरली. स्वदेशीच्या सुताला पूर्वेकडील बाजारात पुन्हा मान मिळाला. बिघडलेले नाव जाहिरातीने सुधारत नाही, त्यासाठी मालच सुधारावा लागतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

माल चांगला आणि गिऱ्हाईक तयार असूनही एक अडचण उरत होती, ती म्हणजे वाटेची. मुंबईहून चीन-जपानकडे जाणारी वाहतूक पी. अँड ओ. या बलाढ्य ब्रिटिश कंपनीच्या आणि तिच्यासोबत संगनमत केलेल्या दोन युरोपीय कंपन्यांच्या मुठीत होती. टनाला १९ रुपयांच्या आसपास भाडे आकारले जाई आणि त्यात सुताचा नफा गडप होई. १८९३ मध्ये जमशेटजी स्वतः जपानला गेले. तेथील अग्रगण्य उद्योजक शिबुसावा एइइची आणि निप्पॉन युसेन कैशा ही जहाज कंपनी यांच्याशी त्यांनी बोलणी केली. जपानच्या नव्या सूतगिरण्यांना कापूस हवा होता, त्यामुळे हिंदी कापूस जपानला आणि हिंदी सूत पूर्वेला नेणारी स्वतंत्र जहाजसेवा दोघांच्याही हिताची होती. मात्र जोखीम दोघांनी सारखी उचलावी, अशी जपानी कंपनीची अट होती. जमशेटजींनी ती मान्य करून ‘अॅनी बॅरो’ हे जहाज महिन्याला १,०५० पौंड भाड्याने घेतले, पुढे ‘लिंडिसफार्न’ आणले आणि टाटा लाइन सुरू झाली.

भाडे बारा रुपयांपर्यंत खाली आले. पी. अँड ओ. ने याला उत्तर दिले ते भाडे दीड रुपयापर्यंत पाडून. जपानला जाणारा कापूस तर फुकट नेण्याचीही तयारी दाखवली गेली. जे व्यापारी टाटा किंवा जपानी कंपनीच्या जहाजातून माल पाठवणार नाहीत त्यांना खास सवलत देऊ केली गेली. सरकारी टपाल वाहून नेण्यापोटी घसघशीत रक्कम मिळवणारी कंपनी त्याच बळावर एका हिंदी व्यापाऱ्याला बुडवू पाहते, याकडे जमशेटजींनी सरकारचे लक्ष वेधले, पण उपयोग झाला नाही. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे ज्यांच्या हितासाठी हा खटाटोप होता, ते मुंबईचे गिरणीवालेच स्वस्त भाड्याला भुलून एकेक करून बाजूला झाले. एक लाखाहून अधिक रुपये गमावून जमशेटजींना सेवा बंद करावी लागली. स्पर्धा संपताच भाडे पुन्हा चढले.

त्याच १८९३ सालात हिंदुस्थान सरकारने चांदीची नाणी मुक्तपणे पाडणे बंद केले. चीनचा व्यवहार चांदीत चाले, त्यामुळे विनिमयाचे गणित विस्कटले आणि हिंदी सूत चिनी गिऱ्हाइकाला महाग पडू लागले. दुसरीकडे जपान सरकारने आपल्या गिरण्यांना हात दिला. १८९४ मध्ये सुतावरील निर्यातकर आणि १८९६ मध्ये कापसावरील आयातकर रद्द केला. जपानी गिरण्यांनी आखूड धाग्याचा हिंदी कापूस आणि लांब धाग्याचा अमेरिकी कापूस यांचे मिश्रण करण्याचे तंत्र आत्मसात केले आणि रिंग चात्यांवर चीनला रुचेल असे सूत काढले. पाहता पाहता चीनच्या बाजारातून हिंदी सुताची पीछेहाट सुरू झाली. हिंदुस्थानात मात्र लँकेशायरच्या दबावाखाली १८९४ मध्ये गिरण्यांच्या सुतावर आणि १८९६ मध्ये कापडावर अबकारी कर बसवला गेला. जमशेटजींनी आकडेवारी मांडून या कराला विरोध केला. सरकार बधले नाही.

वऱ्हाडाच्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा होता. कापूस आता लिव्हरपूलऐवजी ओसाकाला जाऊ लागला, एवढाच फरक पडला. त्याचे सूत काढून किंमत वाढवण्याचा फायदा पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेला. जमशेटजींना हा धोका दिसत होता. १८९६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानात इजिप्शियन जातीच्या लांब धाग्याच्या कापसाची लागवड व्हावी यासाठी टिपण प्रसिद्ध केले, बियाण्यांचे वाटप केले. कापूसच सुधारला तर गिरणीला तलम सूत काढता येईल आणि शेतकऱ्यालाही चांगला भाव मिळेल, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या हयातीत या प्रयोगाला मोठे यश आले नाही. म्हैसूर संस्थानात जपानी तज्ज्ञ आणून रेशीम उद्योगाला नवे वळण देण्याचा त्यांचा प्रयत्नही याच विचारातून आला होता. जपानने आपल्याकडून कापूस नेला, तर आपण जपानकडून कसब आणावे, असा हा व्यवहार होता.

बाजाराकडे पाहण्याची ही नजर नागपूरच्या गिरणीतील कामगारांच्या बाबतीतही दिसते. मुंबईच्या मानाने नागपूरच्या कामगारांना घड्याळाच्या शिस्तीची सवय नव्हती, गैरहजेरी मोठी होती. जमशेटजींनी दंडाचा बडगा उगारला नाही. नियमित हजर राहणाऱ्यांना बक्षिसे ठेवली, गिरणीत हवा खेळती आणि थंड राखण्याची व्यवस्था केली, आगीपासून बचावासाठी पाण्याचे फवारे बसवले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. तेव्हा अशा गोष्टींची सक्ती करणारा कायदा हिंदुस्थानात नव्हता.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी परदेशी गिऱ्हाइकाला मुंबईत आणण्याची तयारी केली. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल सुरू झाले. वीज, जर्मन बनावटीची उद्वाहने, अमेरिकी पंखे, तुर्की पद्धतीची स्नानगृहे अशा सोयी तेथे होत्या. जगभरच्या हॉटेलांत उतरलेल्या जमशेटजींना प्रवाशाच्या अपेक्षा स्वानुभवाने ठाऊक होत्या. यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे त्यांचा दफनविधी झाला. पोलादाचा कारखाना, खोपोलीची वीज आणि बंगळूरची विज्ञान संस्था ही स्वप्ने त्यांचे पुत्र दोराबजी आणि रतनजी, तसेच त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली.

नागपूरच्या एम्प्रेस मिलने शतक ओलांडले. मात्र बदलत्या काळात ती टिकू शकली नाही. १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. ज्या बाजाराने तिला मोठे केले, तोच बाजार बदलला तेव्हा त्याच्या मागण्या ओळखून तिला पुन्हा घडवणारी दृष्टी तिच्यापाशी राहिली नव्हती.

आजच्या कंपन्या परक्या देशात जाताना तेथील भाषेत संकेतस्थळ तयार करतात, वेष्टन आणि चव बदलतात, प्रसंगी नावही बदलतात. व्यवस्थापनशास्त्रात या कामाला स्वतंत्र स्थान आहे. जमशेटजींनी ते शास्त्राविना, केवळ निरीक्षणाच्या आणि अनुभवाच्या बळावर केले. त्यांच्या चरित्रातून दिसते ते एवढेच की परक्या बाजारात पाय रोवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. गिऱ्हाइकाची गरज ओळखून माल घडवावा लागतो. बिघडलेले नाव पदराला खार लावून सुधारावे लागते. आणि माल नेणारी वाट दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर धंदेवाल्यांना एकजुटीने उभे राहावे लागते. पहिल्या दोन गोष्टी एकट्या जमशेटजींना साधल्या. तिसरी एकट्याने साधणारी नव्हती.

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी, वरूड या पट्ट्यात आज कापसाच्या जोडीला संत्र्याच्या बागा आहेत. तेथील संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. अलीकडच्या काळात त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेले आणि बागायतदार अडचणीत आले. बिनबियांचे फळ, टिकाऊपणा, प्रतवारी, प्रक्रिया यांची चर्चा दर हंगामात होते आणि भाव सावरला की मागे पडते. एकाच बाजारावर विसंबून, आहे तोच माल पाठवत राहण्याची किंमत वऱ्हाडाने १८६५ मध्ये मोजली होती. संत्र्याच्या बाबतीत ती पुन्हा मोजायची नसेल, तर एम्प्रेस मिलच्या संस्थापकाचे चरित्र अमरावती जिल्ह्याच्या बागायतदारांनी आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी मुद्दाम वाचावे असे आहे.